तिसरा मजला, डावीकडचं दार

१

शिवणवाली जिन्याच्या वळणावर पडली होती, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये. तिला ओलांडल्याशिवाय वर जायला वाट नव्हती, म्हणून फौजदारबाई भिंतीला पाठ घासत, पाय तिरके टाकत वर सरकल्या. बाईच्या डोक्याची उजवी बाजू आत दबली होती. लोखंडी गज दोन पायऱ्या खाली पडला होता आणि त्याला केस चिकटले होते. तिच्या मुठीत कापड बेतायची मोठी कात्री होती. त्या पात्यांवरचं रक्त मात्र तिचं नव्हतं.

ज्याचं होतं तो खाली अंगणात पालथा पडला होता. तिचा नवरा. क्रेन चालवायचा, म्हणून सगळे त्याला क्रेनवालाच म्हणत. कात्री त्याच्या मांडीत चांगली खोल गेली होती. बाकीचं काम शेजाऱ्यांनी केलं होतं, विटांनी, बादल्यांनी, हाताला लागेल त्याने. जबडा एका बाजूला लोंबत होता. तरी दोन शिपायांनी उचललं तेव्हा त्याने एकाच्या नाकावर डोकं आपटलं, आणि नाक मोडल्याचा आवाज फौजदारबाईंना वर जिन्यात ऐकू आला.

त्या खाली उतरल्या, त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि इथला पत्ता कुणी दिला एवढंच त्यांनी विचारलं.

तो रक्ताची गुळणी थुंकला. "माझी बायको आहे," फुटक्या जबड्यातून शब्द कसेबसे बाहेर आले. "मला पत्ता कशाला लागतो?"

त्यानंतर त्याची अळीमिळी गुपचिळी. मार खाऊन, पाणी पिऊन, टाके घालून घेऊनही तो त्या एका प्रश्नावर नुसता बघत राही.

शिवणवालीची सगळी हकिकत फौजदारबाईंना ठाऊक होती. तिची तक्रार त्यांनीच लिहून घेतली होती. नवऱ्याने तिच्या बरगड्या मोडल्या होत्या, पाठीवर तापलेली इस्त्री टेकवली होती. गेल्या वर्षी ती नेसत्या कपड्यांनिशी पळाली आणि शहराच्या कडेला बायकांचं एक आश्रयगृह आहे, तिथे राहिली. हाडं जुळली, पाठ वाळली, तेव्हा संस्थेने तिला या इमारतीत खोली बघून दिली. गुपचूप. अशा बाईचा नवा पत्ता हा तिचा जीव असतो, आणि तो संस्थेतल्या फक्त तीन माणसांना माहीत होता.

मारणारा कोण ते शेंबडं पोरही सांगेल, फौजदारबाई मनाशी म्हणाल्या. गज त्याच्या हातात होता. त्याला या दारापर्यंत आणणारा हात मात्र अजून दिसत नव्हता.

२

पहिल्या मजल्यावर शिवणवालीच्या खोलीला ओरखडाही नव्हता. कडी आतून काढलेली, यंत्रावर अर्धवट शिवलेली बाही. मोडलेलं दार होतं तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला. बिजागऱ्या उखडून ते आत कोसळलं होतं आणि त्याखाली घड्याळांच्या काचांचा चुरा पसरला होता. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा राहत. ते इस्पितळात होते, एक हात दोन ठिकाणी मोडलेला, कानामागे टाके.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. दार एका लाथेत आत आलं. माणसाने काही विचारायच्या आधी गज घातला, तो यांनी हातावर घेतला. मग पलंगाखाली, मोरीत, पडद्यामागे बघितलं, आणि परत येऊन मारायला लागला. कुठे लपवलीस, कुठे लपवलीस, एवढंच म्हणत होता. आजोबांना कोण ते कळेना. त्यांना वाटलं, वेडा आहे.

"मी ओरडत होतो बाई," ते म्हणाले. "लाज कसली, जनावरासारखा ओरडत होतो. आणि मग खालून तिचा आवाज आला. म्हणाली, त्यांना सोड. मी इथे आहे."

आजोबांनी डोळे मिटले. गज लगेच थांबला, म्हणाले, आणि माणूस धावत जिना उतरला.

खोल्यांची अदलाबदलही त्यांनीच सांगितली. मुळात पहिल्या मजल्यावरची खोली त्यांनी घेतली होती आणि तिसऱ्यावरची तिला मिळाली होती. ती राहायला आली त्याच दिवशी तेही सामान लावत होते. तिचं शिवणयंत्र जुनं, ओतीव लोखंडाचं. ते वर चढवायचं म्हणून तिला सोडायला आलेल्या ड्रायव्हरचा चेहरा पडला होता. आजोबांनी तिथल्या तिथे सांगितलं, माझे गुडघे धड आहेत, माझ्या वस्तू तर खिशात मावतील, तू खालीच राहा. इमारतीच्या मालकाने मान हलवली आणि विषय संपला.

इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना फौजदारबाईंनी एकच गोष्ट मनात घोळवली. क्रेनवाला चुकून वर गेला नव्हता. पहिल्या मजल्यावर त्याने एकाही दाराला हात लावला नव्हता. तो सरळ तिसऱ्या मजल्यावर, डावीकडे गेला. म्हणजे त्याला पत्ता मिळाला होता, पूर्ण, मजल्यासकट. आणि तो पत्ता शिळा होता.

३

आश्रयगृहाचं दार लोखंडी, त्यावर पाटी नाही. आत एक ओसरी, ओसरीच्या टोकाला कचेरी, कचेरीत एक टेबल, एक संगणक आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्या. संस्थेच्या प्रमुखांना सगळ्या मोठ्या ताई म्हणत. त्यांचा डावा डोळा काचेचा होता. खरा डोळा तरुणपणी नवऱ्याच्या बुक्कीने गेला, हे त्या नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून टाकत, म्हणजे पुढे कुणी चोरून बघत बसत नसे.

नियम त्यांनीच घातला होता: बाई इथून बाहेर पडली की तिचा पत्ता कुठेही लिहायचा नाही. शिवणवालीचा पत्ता त्यांना ठाऊक होता, तिची विचारपूस करणाऱ्या धाकट्या ताईंना आणि गाडी चालवणाऱ्या भाऊला. खोल्या बदलल्याचं मोठ्या ताईंना त्याच संध्याकाळी कळलं होतं.

ड्रायव्हरभाऊच्या उजव्या हाताची दोन बोटं फळीला बांधलेली होती. कशाने मोडली विचारलं तर गाडीच्या दारात सापडली म्हणाला, आणि जमिनीकडे बघत राहिला. फौजदारबाईंनी स्वतःची वाकडी करंगळी त्याच्यासमोर धरली. एका चोराने ती उलटी वाकवली होती. दारात सापडलेलं बोट चेपतं, भाऊ, हे मागे वाकवून मोडलंय, त्या म्हणाल्या.

तेव्हा तो बोलला. मागच्या आठवड्यात क्रेनवाल्याने त्याला वर्दळीच्या रस्त्यावर अडवलं, गाडीची काच फोडली, बाहेर ओढलं आणि ती कुठे राहते विचारत एकेक बोट मागे मोडलं. दुसरं बोट मोडलं तेव्हा लोक जमले. ताईंना सांगितलं असतं तर गाडीचं काम गेलं असतं, म्हणून गप्प बसला.

मोठ्या ताई ताडकन उठल्या. त्यांच्या धड डोळ्यातला संशय स्पष्ट दिसत होता.

"मी नाही सांगितलं," ड्रायव्हरभाऊ म्हणाला. "आणि सांगायचंच असतं, तर पहिला मजला सांगितला असता. ते यंत्र मी वर नेलंय, ताई. एक जिना का तीन, ते माझी पाठ विसरेल का?"

फौजदारबाईंना ते पटलं. ज्याने तिला प्रत्यक्ष खोलीत पोचवलं, त्याच्या तोंडी तिसरा मजला कसा येईल?

धाकट्या ताई तिशीच्या, कामाला वाघीण, आणि आत्ता रडून रडून डोळे सुजलेल्या. त्याही अदलाबदलीच्या वेळी तिथे हजर होत्या. म्हणजे तिघांनाही खरा पत्ता माहीत, आणि खुन्याकडे खोटा.

चौथे होते सर. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरे स्वच्छ कपडे, खिशाला पेन. संस्थेचे मानद सल्लागार. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायचं काम ते करत आणि आपण किती संसार सांधले ते कौतुकाने सांगत. शिवणवालीच्या नवऱ्याच्याही त्यांनी बैठका घेतल्या होत्या. तो त्यांच्यासमोर ढसाढसा रडायचा. ती मात्र एकदाच आली, आणि सबंध वेळ दाराकडे तोंड करून बसली.

"भांड्याला भांडं लागतंच," सर म्हणाले. "इथे काय होतं, आवाज आला की भांडंच उचलून दुसऱ्या घरी नेतात. झालं ते भयंकर झालं. पण तो माणूस एकटा पडला होता, हेही कुणी बघावं."

पत्त्याशी आपला संबंध कधी आला नाही, असं ते म्हणाले. बैठकीची टिपणं संगणकावर टाकतात, तेवढंच. शिपायाने जबाब लिहून पुढे केला. सरांनी तो वाचला, खिशातून पेन काढलं, दोन वेलांट्या आणि एक उकार सुधारला आणि मग सही केली. शिपाई ओशाळला.

"राग मानू नका," सर हसून म्हणाले. "चुकीचं दिसलं की डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं. जन्माची खोड."

४

दरम्यान क्रेनच्या आवारातून खबर आली. मुकादमाने सांगितलं, खुनाच्या दिवशी दुपारी क्रेनवाल्याला फाटकाशी कुणीतरी भेटायला आलं होतं. कोण ते त्याने पाहिलं नाही. परत आल्यावर क्रेनवाला वर चढलाच नाही. पोलादी तुळई हवेत लटकत ठेवून गज उचलला आणि चालता झाला. खाली पंधरावीस माणसं काम करत होती. तुळई सुटली असती तर त्यांचा चेंदामेंदा झाला असता.

म्हणजे पत्ता त्या दुपारी पोचला. अदलाबदल होऊन कितीतरी दिवस लोटले होते. त्या माणसाला धीर धरता येत नाही. पत्ता आधीच मिळाला असता तर तो आधीच आला असता.

मग अदलाबदलीनंतर तिसरा मजला कोण सांगेल? ज्याने तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही, ज्याने तो कुठेतरी वाचला.

फौजदारबाईंनी संगणकवाल्याला बोलावून घेतलं. त्याने संस्थेचा नोंदींचा कारभार बसवून दिला होता. काटकुळा, नखं खाणारा. त्याने शिवणवालीची नोंद उघडली. पहिल्या पानावर नाव, वय, जखमा. दुसऱ्या पानावर गेला आणि त्याचा हात थांबला. पानाच्या तळाशी एक रकाना होता, वर शीर्षक "पूढचा पत्ता", आणि त्यात गल्ली, इमारत, आणि शेवटी: तिसरा मजला, डावीकडचं दार.

संगणकवाल्याने ते मोठ्याने वाचलं तशी मोठ्या ताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. धाकट्या ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी टाकला होता," त्या पुटपुटल्या. "ती जायच्या आदल्या दिवशी. सवयीने. पण लगेच नियम आठवला. मी जतन केलाच नाही, शपथ. तशीच खिडकी बंद केली."

मोठ्या ताईंनी त्यांच्या कानशिलात भडकावली. आवाज ओसरीपर्यंत गेला. धाकट्या ताई भिंतीवर आदळल्या आणि तिथेच खाली बसल्या. फौजदारबाईंनी मोठ्या ताईंचं मनगट धरलं नसतं तर दुसरी बसली असती.

"खोटं बोलते," मोठ्या ताई धापा टाकत म्हणाल्या. "जतन केला नाही तर हा आभाळातून पडला?"

संगणकवाला नखं खायचं विसरला होता. "त्या खरं बोलतायत," तो म्हणाला. "हा फॉर्म बांधलेला आहे."

५

त्याने समजावून सांगितलं, आणि फौजदारबाईंनी ते दोनदा सांगायला लावलं.

फॉर्म दोन तऱ्हेचे करता येतात. सुटा फॉर्म म्हणजे कच्चा कागद. तुम्ही त्यात काय हवं ते लिहा, खोडा. जोवर "जतन करा" दाबत नाही तोवर आतल्या कोठारात काही जात नाही. बांधलेल्या फॉर्मची कोठाराशी थेट गाठ मारलेली असते. रकान्यात अक्षर टाकलं आणि पुढच्या नोंदीवर गेलात किंवा खिडकी बंद केली, की ते आत गेलं. तो विचारत नाही.

धाकट्या ताई आधी ज्या इस्पितळात काम करायच्या, तिथला फॉर्म सुटा होता. दाबलं नाही की गेलं नाही, हे त्यांच्या बोटांत बसलेलं. इथे त्यांना कुणी फरक सांगितला नव्हता.

"मग इथेही सुटाच का नाही केला?" फौजदारबाईंनी विचारलं.

संगणकवाल्याने मोठ्या ताईंकडे पाहिलं. उत्तर त्यांनीच दिलं, बसल्या आवाजात. आधी सुटाच होता. त्या दिवसांत एक कोवळी मुलगी आली होती, मांड्यांवर भाजल्याच्या खुणा घेऊन. सगळ्या खुणा टाइप झाल्या, आणि जतन करायच्या आधी वीज गेली. पुन्हा टाकायचं राहून गेलं. कोर्टात नोंद मागितली तर रकाने कोरे. नवरा सुटला, मुलीला घेऊन गेला, आणि महिना व्हायच्या आत ती विहिरीत सापडली. त्या दिवशी मोठ्या ताईंनी संगणकवाल्याला सांगितलं होतं की माझ्या बायांची एकही जखम हरवता कामा नये, कुणी बटण दाबो वा न दाबो.

"तो म्हणाला होता, बांधलेल्यात चूकही तशीच आत जाते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, जाऊ दे."

धाकट्या ताईंच्या गालावर बोटांचे वळ उठले होते. मोठ्या ताईंची नजर तिथे गेली आणि त्यांनी मान फिरवली.

फौजदारबाई मात्र पडद्याजवळ सरकल्या होत्या. पत्ता आत कसा गेला ते कळलं होतं. तो वाचला कुणी, हे अजून बाकी होतं. संगणक सगळ्यांसाठी उघडा. टिपणं टाकायला सर बसत, फेऱ्यांची नोंद करायला ड्रायव्हरभाऊ बसे, संगणकवाल्याला तर सगळंच दिसे. मोठ्या ताईंच्या उरलेल्या डोळ्यालाही पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नसत, त्या सांगून लिहून घेत.

त्यांनी शिवणवालीच्या जखमांचं पान पुन्हा उघडायला लावलं आणि सावकाश वाचलं. धाकट्या ताईंनीच लिहिलेलं होतं. "तीच्या डाव्या कानातून रक्त." "तीसऱ्यांदा बरगडी मोडली." "डाविकडे झोपता येत नाही." वाचता वाचता त्यांची नजर अक्षरांवर अडकली. त्यांनी पुन्हा दुसरं पान काढायला लावलं.

तिसरा मजला, डावीकडचं दार.

त्या वळल्या, शिपायाकडून कागद घेतला आणि धाकट्या ताईंच्या मांडीवर ठेवला. तो पत्ता लिहा, म्हणाल्या, तुम्ही टाकला होता तसा.

धाकट्या ताईंनी लिहिलं: तीसरा मजला, डाविकडचं दार.

६

संगणकवाला दर आठवड्याला सगळ्या नोंदींची एक प्रत काढून ठेवत असे. फौजदारबाईंनी आधीच्या आठवड्याची प्रत उघडायला सांगितली. तिच्यातही पत्ता होता, पण ती दीर्घ, वि ऱ्हस्व, जसं धाकट्या ताईंनी कागदावर लिहिलं होतं अगदी तसं. ताज्या नोंदीत दोन्ही वेलांट्या सुधारलेल्या होत्या.

मधल्या दिवसांत कुणीतरी ते पान उघडून बसलं होतं. त्याने पत्ता वाचला, आणि वाचताना चूक दिसली, तेव्हा हात आपोआप पुढे गेला. मग त्यानेही जतन न करताच खिडकी बंद केली असेल, निश्चिंतपणे. फॉर्मने त्यालाही विचारलं नव्हतं.

ड्रायव्हरभाऊ कसाबसा अक्षर जुळवणारा. संगणकवाल्याने तर शीर्षकातच "पूढचा" लिहिलं होतं आणि वर्षभर ते त्याला खुपलं नव्हतं. शीर्षक फॉर्मवरून बदलता येत नाही, रकान्यातलं तेवढं येतं, म्हणून ते चुकीचंच राहिलं होतं. मोठ्या ताईंना पडदाच वाचता येत नाही. धाकट्या ताईंना चूक ही चूक वाटतच नव्हती.

फौजदारबाईंनी जुन्या प्रतीतला पत्ता एका कागदावर छापून घेतला.

समेटाच्या खोलीत समोरासमोर दोन बाकं होती. एका बाकावर सर, दुसऱ्यावर फौजदारबाई. दाराशी शिपाई आणि त्याच्यामागे ड्रायव्हरभाऊ. फौजदारबाईंनी काही न बोलता कागद पुढे सरकवला. सरांनी वाचला. त्यांच्या भुवया जवळ आल्या, आणि उजवा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पेनाला बोटं लागल्यावर त्यांना कळलं आपण काय करतोय ते. हात तिथेच राहिला.

"सुधारा की, सर," फौजदारबाई म्हणाल्या. "एकदा सुधारलाच आहे तुम्ही."

सरांनी नाकारलं नाही. एखाद्या पालकाला समजावावं तसे ते सांगायला लागले. तो माणूस पाया पडला होता. एकदाच माफी मागायची आहे म्हणत होता. या बायका वेळेवर चार शब्द ऐकून घेत नाहीत म्हणून घरं मोडतात. टिपण टाकायला बसलो असताना तिची नोंद उघडली, पत्ता सापडला, ईश्वरी संकेत वाटला. दुपारी फाटकाशी जाऊन सांगून आलो. गज घेऊन जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"इस्त्रीचे चटके पहिल्याच पानावर आहेत. तिथल्या चुका तशाच आहेत, म्हणजे ते तुम्ही वाचलंच नाहीत."

सरांनी हळूच विचारलं, ती तर पहिल्या मजल्यावर राहत होती ना? फौजदारबाईंनी मान हलवली. तो तिच्या दाराशी गेलाच नव्हता, वर आजोबांना मारत होता, त्यांच्या किंकाळ्या ऐकून ती आपण होऊन बाहेर आली, हे सगळं त्यांनी सांगितलं.

सरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हणजे मी दिलेला पत्ता चुकीचाच होता," ते म्हणाले. "माझ्यामुळे तो तिच्यापर्यंत पोचला असं काही म्हणता यायचं नाही."

पुढचं इतकं झटक्यात झालं की शिपायाला हलताही आलं नाही. ड्रायव्हरभाऊ त्याला ढकलून आत आला. फळीला बांधलेल्या हातानेच त्याने सरांचा गळा धरला आणि त्यांचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. सरांची भुवई फाटली, पांढऱ्या कपड्यांवर रक्ताची धार लागली. ड्रायव्हरभाऊ ओरडत नव्हता. दात आवळून नुसता आपटत होता, आणि जुळत आलेली बोटं पुन्हा मोडत होती. फौजदारबाईंनी त्याला मागून कवेत घेतलं आणि सगळं वजन टाकून बाजूला पाडलं. दोघं जमिनीवर पडले तरी तो सुटायला धडपडत होता. मग एकदम ढिला पडला आणि त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवून हुंदके द्यायला लागला.

"त्याने बोटं मोडली तरी मी नाही सांगितलं हो," तो म्हणत होता. "नाही सांगितलं."

सरांना टाके घालून ड्रायव्हरभाऊच्याच गाडीतून ठाण्यावर नेलं. ती दुसऱ्या कुणीतरी चालवली.

७

क्रेनवाल्यावर खुनाचा खटला उभा राहिला. सरांवर कुठलं कलम लागतं यावर वकील भांडत राहिले आणि सर जामिनावर घरी बसून राहिले. शेजारीपाजारी त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलत. कोर्टात सरकारी वकिलांनी शिवणवालीच्या जखमांची नोंद पुढे ठेवली, पानंच्या पानं, ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुकांसकट. त्यातल्या काही जखमा धाकट्या ताईंनी टाइप करून, मध्येच कुणी हाक मारली म्हणून, तशाच सोडल्या होत्या. त्याही जागच्या जागी होत्या. क्रेनवाल्याच्या वकिलाला त्या पानांपुढे फार काही बोलता आलं नाही.

निकालाच्या आधीच कचेरीत संगणकवाला येऊन बसला होता. मोठ्या ताईंनी फौजदारबाईंनाही बोलावलं होतं. आता सगळं सुटं करून टाक, त्या म्हणाल्या, मला ते बांधलेलं डोळ्यासमोर नको. धाकट्या ताई त्या थपडेनंतर मोठ्या ताईंशी कामापुरतंच बोलत होत्या. राजीनामा लिहून त्यांनी तो पिशवीत ठेवला होता आणि रोज तसाच घरी नेत होत्या. त्या पहिल्यांदाच मध्ये पडल्या.

"जखमांचं पान बांधलेलंच राहू दे," त्या म्हणाल्या. "ते हरवायला नको. बाकीचं सुटं करा, आणि जतन करताना विचारू दे, खरंच करायचं का. पत्त्याचा रकाना मात्र काढूनच टाका. जागाच नसली तर हात जाणार नाही."

मोठ्या ताईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग संगणकवाल्याला म्हणाल्या, ही म्हणते तसं कर. आणि प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द दे. ज्याचं काम जेवढं, त्याला तेवढंच पान दिसू दे. संगणकवाल्याने "पूढचा पत्ता" निवडलं आणि पुसून टाकलं. रकाना गेला. फौजदारबाई निघायला उठल्या.

तेवढ्यात लोखंडी दारावर थाप पडली. दुपारची वेळ, ऊन रणरणतं. दाराशी एक बाई उभी होती, पदराने एक कान दाबून धरलेला. पदर लाल झाला होता आणि तिच्या पायांत चपला नव्हत्या. तिने आधी मागे रस्त्याकडे बघितलं आणि मगच उंबरा ओलांडला. फौजदारबाईंनी बाहेर जाऊन रस्त्याची दोन्ही टोकं पाहिली, आणि दारापाशीच उभ्या राहिल्या.

धाकट्या ताईंनी बाईला खुर्चीत बसवलं, कापूस आणला, कानाला लावला. मग टेबलाशी बसल्या. हात कळफलकावर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. बाई पडद्याकडे बघत होती.

"इथे लिहिलेलं कुणाला कळणार नाही ना?" तिने विचारलं.

धाकट्या ताईंना पटकन नाही म्हणता आलं नाही.

"काय लिहिते ते आधी तुम्हाला वाचून दाखवीन," शेवटी धाकट्या ताई म्हणाल्या. "नको म्हणालात तर पुसेन. आणि पुसलं गेलंय का, ते बंद करून पुन्हा उघडून तुमच्यादेखत बघेन. चालेल?"

बाईने जरा विचार केला. मग पदर बाजूला करून तिने कान पुढे केला.